इंग्रजी कोट, फ्रेंच बारसं

साल साधारण १७२५. पॅरिसच्या रस्त्यांचा पावसाने राडा झालाय. चिखल उडवत घोडेस्वार येतो आणि तुम्ही अंग चोरून भिंतीला चिकटता. तो उतरतो तेव्हा त्याचा लांब कोट नीट दिसतो: जाड लोकरी कापड, खांद्यावर दुहेरी कॉलर, पुढे बटणं आणि मागे लांब चीर, खोगिरावर बसल्यावर घेर दोन बाजूंना पडावा म्हणून. इंग्लंडमध्ये याला नुसतं ‘रायडिंग कोट’ म्हणतात. तुम्ही नाव विचारता, तर स्वार म्हणतो, ‘रदँगोत’. फ्रेंच जिभेने दोन शब्दांचा एक केला, वर तो स्त्रीलिंगी. म्हणजे कोटाची ‘ती’ झाली!

शतक सरताना लंडनला या. एक बाई शिंप्याकडे ‘रेडिंगोट’ शिवायला टाकतेय, कमरेला घट्ट, खाली घेरदार, अगदी पॅरिसच्या धर्तीवर. हे आपलंच नाव फिरून आलंय, हे तिच्या गावीही नाही. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय!

आता ७ मार्च १८१५. ग्रेनोबलच्या दक्षिणेला लाफ्रेजवळ तुम्ही पाचव्या पायदळ पलटणीत उभे आहात, हातात बंदूक. एल्बाहून निसटलेल्या नेपोलियनला अडवायचा राजाचा हुकूम आहे. तो पायी पुढे येतो, करडी रदँगोत छातीवरून उघडतो आणि म्हणतो, आपल्या बादशहाला मारायचं असेल त्याने खुशाल मारावं. कुणीच गोळी झाडत नाही. पुढच्या क्षणी त्याच्या जयजयकारात तुमचाही आवाज मिसळलेला असतो. उभी हयात इंग्रजांशी झुंजलेल्या या माणसाची ओळख बनलेला कोट मात्र नावाने इंग्रजच. मला तर ही गंमत वॉटर्लूहून मोठी वाटते.

तिथून थेट इस्तंबूल, १८९०च्या सुमारास. सुलतान अब्दुलहमीदच्या कचेरीतला कारकून, डोक्यावर लाल फेज, अंगात काळा ‘रेदिंगोत’. तुर्कीत नामाला लिंगच नाही, त्यामुळे तो की ती हा घोळ इथे मिटला. १९२५च्या कायद्याने फेजवर बंदी आली. पुढे भाषाशुद्धीच्या मोहिमेने अरबी-फारसी शब्द धडाधड उपटले. फ्रेंचमधून आलेले बहुतेक बचावले, त्यांतच हाही. तुर्की शब्दकोशात तो आजही फ्रेंच म्हणूनच नांदतोय.