ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी बोलतात कसे? कुलपाच्या चिन्हाचा खरा अर्थ काय?

सातबारा काढायचा असो, कर्नाटकातला आरटीसी उतारा की गोव्यातला एक-चौदा, आपण मोबाईलवर पत्ता टाकतो आणि पान उघडतं. कधी नुसतं चाक फिरत राहतं, तर कधी भलत्याच कुणाची साईट समोर येते. मधल्या काही क्षणांत काय घडतं हे माहीत असलं, तर गाडी कुठे अडली ते कळतं आणि फसगतही टळते.

नावावरून नंबर
इंटरनेटवरची यंत्रं नावानं नव्हे, आकडी पत्त्यानं ओळखली जातात. त्याला आयपी पत्ता म्हणतात. नावावरून हा पत्ता शोधून देते ती डीएनएस व्यवस्था. ती १९८३ पासूनची. नाव टाईप करताना चुकलं तर ‘साईट सापडत नाही’ असा निरोप येतो.

जोडणी
मग टीसीपी हा नियम कामाला लागतो. ब्राउझर विचारतो, “ऐकू येतंय का?” सर्व्हर म्हणतो, “येतंय, तुला?” ब्राउझर म्हणतो, “मलाही.” यानंतर माहिती छोट्या तुकड्यांत, क्रमांक घालून जाते. हरवलेला तुकडा पुन्हा पाठवला जातो. रेंज कमी असली की पान रखडतं, त्याचं हे एक कारण.

कुलूप
पत्त्याआधी ‘एचटीटीपीएस’ असेल तर सर्व्हर आपलं प्रमाणपत्र दाखवतो, ब्राउझर ते तपासतो आणि पुढचं बोलणं सांकेतिक होतं. मग बसस्टँडवरच्या फुकट वायफायवरही मधल्या कुणाला तुमचा पासवर्ड वाचता येत नाही.

मागणी आणि उत्तर
खरं बोलणं होतं ते एचटीटीपीच्या भाषेत. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपीय संशोधन केंद्रात १९९० च्या सुमारास ती तयार केली. ब्राउझर मागणी करतो, सर्व्हर आकडी उत्तर देतो. २०० म्हणजे काम झालं. ४०४ म्हणजे ते पान तिथे नाही. ५०० किंवा ५०३ म्हणजे बिघाड किंवा ताण सर्व्हरकडे आहे. अशा वेळी आपला मोबाईल बदलून काही होत नाही, थोड्या वेळानं पुन्हा बघावं.

पैसे भरताना चाक फिरतच राहिलं तर मात्र घाई नको. मागणी पोचली आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं, असंही होतं. पुन्हा बटण दाबण्याआधी बँक खातं तपासा.

कुलूप काय सांगत नाही
कुलूप वाट सुरक्षित असल्याचं सांगतं. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे, असं ते सांगत नाही. प्रमाणपत्र फुकटातही मिळतं, त्यामुळे भामट्याच्या साईटवरही कुलूप दिसतं.

म्हणून पत्ता नीट वाचा. सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’ आणि दोन तिरप्या रेघा सोडा. पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेआधी पत्ता ज्यानं संपतो, तो भाग मालक कोण ते सांगतो. सरकारी साईट बहुधा तिथे ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’नं संपते. ही अक्षरं नुसती मधेच असतील आणि शेवटी दुसरंच काही असेल, तर तिथे आधार नंबर किंवा ओटीपी टाकू नका.