घरकुलाचा वरखर्च येतो कुठून?

तुम्ही कधी घर बांधलं असेल, किंवा नुसतं फरशीचं काम काढलं असेल, तरी हा अनुभव आला असेल. मिस्त्री एक आकडा सांगतो, आपण मनातल्या मनात त्यात थोडी भर घालतो, आणि काम संपेपर्यंत खर्च त्याच्याही पुढे जातो. आपण त्याला वरखर्च म्हणतो आणि मिस्त्रीला दोष देऊन मोकळे होतो.

माझं पीएचडीचं काम जव्हार-मोखाड्यातल्या घरांवर आहे. एमएस्सी करून इतिहासात काय करतेस, असं बरेच जण विचारतात. खरं सांगायचं तर मी आले होते बांधकाम साहित्याचं गणित करायला. ते सुटेना, म्हणून मागे जावं लागलं.

मोखाड्याजवळच्या एका पाड्यावर मी एका आजींना विचारलं, जुनं घर बांधायला किती पैसे लागले होते? त्या हसल्या. म्हणाल्या, "पैसे कशाला? जेवण लागलं."

जेव्हा घराचं बिल नव्हतं

वारली, कोकणा, महादेव कोळी, कातकरी यांची जुनी घरं कुडाची. कारवीच्या काठ्या उभ्या रोवायच्या, त्यावर शेणमातीचं लिंपण. कारवी साधारण आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मग वाळते. त्या वाळलेल्या काठ्या कुडाला कामी येतात. खांब जंगलातले, छप्पर पेंढ्याचं किंवा पानांचं, आणि हात पाड्यातल्या सगळ्यांचे. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. घरधन्याने जेवण घालायचं.

म्हणजे घर फुकट होत नव्हतं. त्याचा खर्च जंगल आणि शेजारी उचलत होते, एवढंच. तो पैशात मोजला जात नव्हता.

तो पैशात यायला लागला जंगल कायद्यानंतर. तेव्हा मोखाडा ब्रिटिशांच्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्याचा पेटा होता. जव्हार मुकणे घराण्याचं संस्थान होतं. 1878 च्या कायद्याने ब्रिटिश मुलखातलं जंगल राखीव आणि संरक्षित अशा वर्गांत विभागलं. राबासाठी फांद्या तोडणं, घरासाठी लाकूड आणणं यांवर बंधनं आली. ठाणे-कुलाब्यातल्या तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला 1885 मध्ये चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887 चा. जव्हार संस्थान 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. पुढे 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर हक्क दिला. त्यात बांबू आहे, इमारती लाकूड नाही.

मधल्या काळात मंगलोरी कौलं आली. बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढला तो 1865 मध्ये. पेंढ्याला वाकडा वासा चालतो, पण या कौलांना सरळ कापलेल्या रिपा लागतात. म्हणजे सुतार आला, आणि सुताराबरोबर रोख मजुरी आली.

सरकारी आकडा काय मोजतो?

इंदिरा आवास योजना 1985 ची. सपाट भागासाठी तिचं अनुदान 2008 मध्ये 35,000 रुपये होतं, 2010 मध्ये 45,000 आणि 2013 मध्ये 70,000. 2016 मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली आणि ते 1,20,000 झालं. घराचं किमान क्षेत्रही 20 वरून 25 चौरस मीटर झालं. चौरस फुटाला भागून बघा: 2008 ला साधारण 163 रुपये, 2016 ला साधारण 446.

आकडा वाढला हे खरं. पण तो सपाट जमिनीवरच्या घराचा विचार करतो. आता आपल्या डोंगराळ पाड्यावरचं एक गणित करू. घर 5 बाय 5 मीटर. जमिनीला दहास एक उतार, म्हणजे खालची बाजू अर्धा मीटर खोल. जोतं समपातळीत आणायला सरासरी पाव मीटर भराव लागेल: 25 गुणिले 0.25, म्हणजे 6.25 घनमीटर. 100 घनफुटांचा एक ब्रास, तेव्हा हे दोन ब्रासांहून जास्त झालं. भराव ठोकला की दबतो, म्हणून प्रत्यक्षात आणखी लागतो. खालच्या बाजूची दगडी भिंत वेगळीच. एवढा खर्च करून घर एक फूटही मोठं होत नाही.

शिवाय घाटातून येणारी वाळू आणि सिमेंट. रस्ता संपतो तिथून पाड्यापर्यंत डोक्यावरची वाहतूक. जुनं घर मोडल्यावर राहायची झोपडी. पावसाळ्याआधी छत पडलं नाही तर अडकलेलं काम, आणि काम अडकलं की अडकलेला पुढचा हप्ता.

फरक कोण भरतं?

योजनेत 90 ते 95 दिवसांची रोजगार हमीची मजुरी धरलेली असते. ती मिळवायची तर आपल्याच घराच्या कामावर राहायला हवं. पण बांधकामाचा हंगाम दिवाळीनंतरचा, आणि तोच वीटभट्टीचाही. इथली कितीतरी कुटुंबं त्या दिवसांत भिवंडी, वसई, कल्याणकडच्या भट्ट्यांवर असतात. अनेकांनी आधीच उचल घेतलेली असते आणि ती अंगमेहनतीने फेडायची असते. घराचं काम अर्ध्यावर आलं आणि पैसे संपले, की पुन्हा उचल. म्हणजे स्वतःच्या भिंतीच्या गिलाव्यासाठी दुसऱ्यांच्या भिंतींच्या विटा पाडायच्या, तेही एक अख्खा हंगाम, पोरांची शाळा सोडवून.

म्हणून मी आता वरखर्च हा शब्द जपून वापरते. हा खर्च वरून आलेला नाही. तो घराचाच आहे. आधी जंगल आणि शेजारी तो सोसत होते. ते दोन्ही आधार सुटले, पण अंदाजपत्रकात त्यांच्या जागी कुणाचं नाव लिहिलं गेलं नाही.

तुमच्या घराचं काम निघेल तेव्हा मिस्त्रीला आकडा विचाराच, पण त्या आकड्यात काय धरलेलं नाही हेही विचारा. जोतं, वाहतूक, राहायची सोय आणि थांबलेल्या कामाचे दिवस, हे कागदावर वेगळे लिहून घ्या. मोखाड्यात हे चार रकाने असते, तर एखादं कुटुंब एक हंगाम घरी राहिलं असतं.