दिनविशेष : ९ एप्रिल
१९४५ : दुसऱ्या महायुद्धातील इटलीची आघाडी, सेनिओ नदी. मराठा लाइट इन्फंट्रीचा तेवीस वर्षांचा शिपाई नामदेव जाधव याचे काम कंपनी कमांडरचे निरोप पोचवायचे. मशीनगनच्या माऱ्यात सोबती पडले, तेव्हा त्याने दोन जखमींना एकेक करून पाठीवर घेतले आणि खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणले. नंतर एकट्याने तीन मशीनगन ठाणी उडवली. हाताला गोळी लागून टॉमी गन चालवता येईना, तर बॉम्ब फेकले. मग काठावर चढून शिवरायांचा जयघोष केला. ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तरी निवृत्ती हवालदार म्हणूनच! तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या निमजच्या या जवानाचे निधन २ ऑगस्ट १९८४ रोजी झाले.