जाळ्यातला झार, चित्रातला झार

वेसावे, मढ, मनोरी, गोराई या आपल्या उपनगरी किनाऱ्यांवर ज्याला ‘झार’ म्हणतात, तो जेलीफिश आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे तो वाळूवर पडलेला. मळकट, बुळबुळीत, आकार हरवलेला गोळा. डोल ओढणाऱ्याला तर तो वैरीच. झाराने जाळे भरले की ते जड होते, मासळी चेंगरते आणि ती निवडताना हातांची आग होते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या चौपाट्यांवर निळ्या ‘ब्लू बॉटल’नी कित्येकांना दंश केला, तेव्हा त्यालाही सर्वांनी जेलीफिशच ठरवले. वास्तविक तो त्याचा केवळ दूरचा आप्त. अशा या प्राण्याची छायाचित्रे परदेशी कलादालनांच्या भिंतींवर सन्मानाने लावली जातात, असे सांगितले तर आपल्या कोळीवाड्यात कोणाला खरे वाटेल?

परंतु त्यामागे दीड शतकाचा इतिहास आहे आणि त्याचे मूळ कारण अगदी साधे आहे. जेलीफिशच्या देहात शेकडा ९५ भाग पाणीच असते. पाण्याबाहेर काढला की त्याचा आकार मोडतो. मद्यार्कात ठेवला की तो आक्रसतो आणि रंग उडतो. शंखशिंपल्यांप्रमाणे त्याला संग्रहालयाच्या कपाटात मांडता येत नाही. त्याचे रूप टिकवायचे, तर शास्त्रज्ञाला कलावंताच्या दारी जावे लागले.

ड्रेस्डेनचे काचकारागीर लिओपोल्ड ब्लाश्का १८५३ साली अमेरिकेला निघाले असता वारा पडल्याने त्यांचे जहाज भर समुद्रात खोळंबले. तेथे रात्रीच्या पाण्यात चमकणारे जीव त्यांनी पाहिले. पुढे त्यांनी आणि त्यांचे पुत्र रुडॉल्फ यांनी काचेचे जेलीफिश घडवून जगभरच्या संग्रहालयांना पुरवले. त्यांच्यापुढे नमुन्यादाखल ज्यांची चित्रे असत, त्यांत येना विद्यापीठाचे प्राध्यापक अर्न्स्ट हेकेल हे एक. हेकेल यांची तरुण पत्नी ॲना १८६४ साली, त्यांच्या तिसाव्या वाढदिवशीच वारली. पुढे एका जेलीफिशचे लांब, मोकळे तंतू पाहून त्यांना तिच्या केसांची आठवण झाली आणि त्या जातीला त्यांनी तिचेच नाव दिले. १८९९ ते १९०४ या काळात त्यांनी निसर्गातील कलारूपांची शंभर चित्रे प्रसिद्ध केली, त्यांत तो जेलीफिशही आहे. हे चित्र मी छापील स्वरूपात पाहिले आहे. मोहून टाकणारे आहे खरे, पण थोडे अधिकच नीटनेटके. समुद्रातला कोणताही जीव इतका रेखीव नसतो. हेकेल यांनी गर्भांच्या आकृत्यांत फेरफार केल्याचा आरोपही त्यांच्या हयातीतच झाला होता.

हेच हेकेल १८८१ च्या नोव्हेंबरमध्ये सिलोनला जाताना आठवडाभर मुंबईत राहिले होते. जेलीफिशांवरील त्यांचा मोठा ग्रंथ त्यापूर्वी दोनच वर्षे आधी निघाला होता. आपल्या कोळ्यांच्या जाळ्यांतून तेव्हाही झार निघतच असणार. त्यांचे चित्र कोण काढणार?

चित्राच्या मर्यादा कॅमेरा ओलांडील, अशी आशा होती. १८९३ साली फ्रान्समध्ये बान्यूल येथे लुई बुताँ यांनी कॅमेरा घेऊन समुद्राच्या तळाशी छायाचित्रे घेतली. परंतु एकेका चित्राला अर्धा तासदेखील लागे. तेवढा वेळ स्थिर बसणारा जेलीफिश कोठून आणावा! १९४३ साली कुस्तो आणि गान्याँ यांचे पाठीवर बांधायचे श्वसनयंत्र आले, फिल्म वेगवान झाली, विजेचा लखलखाट करणारे दिवे आले, तेव्हा कोठे हा जीव कॅमेऱ्याच्या तावडीत सापडला. खरे कौशल्य प्रकाशाचे आहे. देह पारदर्शक असल्यामुळे समोरून उजेड टाकला तर तो सपाट दिसतो. बाजूने किंवा मागून टाकला आणि पार्श्वभूमी काळी ठेवली, तर एकेक तंतू उजळून निघतो. रशियातील श्वेत समुद्राच्या थंड पाण्यात अलेक्झांडर सेम्योनोव्ह यांनी अशीच छायाचित्रे घेतली आहेत. ते मूळचे सागरी जीवशास्त्रज्ञ.

आपल्याकडे मात्र हीच गोष्ट अडते. मनोरी आणि मालाडच्या खाड्या गाळ आणि सांडपाणी आणून ओततात. अशा पाण्यात दिवा लावला की आधी उजळतात ते गाळाचे कण, आणि चित्रात जणू धुके पसरते. म्हणून मुंबईने आपली वाट काढली ती ओहोटीतून. २०१७ मध्ये प्रदीप पाताडे, अभिषेक जमालाबाद आणि सिद्धार्थ चक्रवर्ती यांनी ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम सुरू केला. जुहूसारख्या किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी खडकांच्या डबक्यांपाशी वाकून नागरिकांनी सागरी जीवांची छायाचित्रे घेतली, नावानिशी नोंदी केल्या. कलादालनात टांगण्यासाठी ती घेतलेली नव्हती. पण घोटाभर पाण्यात तरंगणारा जीव त्यांत जिवंत आणि सुंदर दिसतो, आणि मला ती हेकेल यांच्या चित्राहून अधिक विश्वासार्ह वाटतात.

परदेशी समुद्रात काढलेले असे एक काळ्या पार्श्वभूमीचे छायाचित्र मी वेसाव्याच्या एका वयोवृद्ध नाखव्यांना दाखवले. आयुष्यभर त्यांनी डोल ओढलेली. त्यांनी कागद दूर धरला, मग जवळ आणला. हा झार आहे, असे सांगितल्यावर त्यांनी मान हलवली आणि एवढेच विचारले, “हा कुठल्या दर्यातला?”