ऑक्सफर्डचे साचे, वऱ्हाडचे रस्ते

बार्शीटाकळीचं कालंका देवीचं दगडी मंदिर कोणत्या काळातलं, हे तिथल्या शिलालेखावरून सांगता येतं. मोटारीच्या बाबतीत अशी सोय नसते. नंबरप्लेट बदलते, रंग बदलतो, मालक बदलतात, इंजिनसुद्धा बदलतं. लग्नसराईत गावोगाव नवरदेव घेऊन येणारी अँबॅसिडर मूळची कोणत्या घरची, हे शोधायचं तर तिचा पत्रा पाहावा लागतो. तिचं फुगीर छत, चाकांवरचे भरदार मडगार्ड आणि डिकीकडे गोल उतरत गेलेली पाठ हा घाट मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री या इंग्रजी कौटुंबिक गाडीचा आहे. ती इंग्लंडच्या बाजारात 1956 साली आली आणि 1959 मध्ये कंपनीने बंद केली. आपल्याकडे तोच घाट 2014 पर्यंत कारखान्यातून बाहेर पडत राहिला. इंग्लंडने तीन वर्षांत टाकलेली गाडी आपण अर्धशतकाहून अधिक काळ का चालवली, याचं उत्तर पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यांत आहे.

विल्यम मॉरिस हा ऑक्सफर्डमधला सायकली बनवणारा आणि दुरुस्त करणारा कारागीर. त्याने 1913 मध्ये पहिली मोटार विकायला काढली आणि तिला आपल्या गावाचंच नाव दिलं. गावालगत काउलीला त्याचा कारखाना उभा राहिला. पुढे तो लॉर्ड नफील्ड झाला आणि ऑक्सफर्ड हे नाव कंपनीने पुन्हा पुन्हा वापरलं. आपल्या कामाची कथा सुरू होते 1948 मध्ये. महायुद्धाने ब्रिटनला कर्जात बुडवलं होतं. पोलाद हवं असेल तर माल परदेशात विका, असं सरकारचं मोटार कारखान्यांना सांगणं होतं. त्यामुळे दूरदेशच्या कच्च्या रस्त्यांचाही विचार करणं भाग होतं. त्या वर्षी लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात मॉरिसने मांडलेल्या गाड्यांत दोन महत्त्वाच्या होत्या. एक लहान, अलेक इस्सिगोनिसने आखलेली मायनर. दुसरी तिची थोरली बहीण म्हणावी अशी ऑक्सफर्ड एमओ.

या ऑक्सफर्डमधल्या दोन गोष्टी पुढे थेट आपल्या रस्त्यांवर आल्या. पहिली म्हणजे तिला वेगळी चेसिस नव्हती. तळ, खांब, छत असा सगळा पत्रा एकमेकांना जोडून केलेला एकच भक्कम सांगाडा होता. दुसरी म्हणजे पुढच्या चाकांना गुंडाळीच्या स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार होते. टॉर्शन बार म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेला पोलादी दांडा. चाक खड्ड्यात गेलं की दांड्याला पीळ पडतो, आणि तो उलगडताना चाक जागेवर येतं. मागच्या चाकांना मात्र बैलगाडीच्या काळापासून ओळखीचे कमानपाटे होते.

1952 मध्ये मॉरिस आणि तिची जुनी वैरीण ऑस्टिन एकत्र आल्या आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाली. 1954 मध्ये ऑक्सफर्डची सिरीज टू आली, दोन वर्षांनी सिरीज थ्री. शाळामास्तर, डॉक्टर, दुकानदार अशा मध्यम घरांसाठीची ही गाडी. पुढे-मागे सलग बाकासारख्या सीटा, गिअरची दांडी स्टेअरिंगच्या खांबावर, त्यामुळे पुढेही तिघं बसत. इंजिन 1489 सीसीचं, ऑस्टिनच्या घरून आलेलं. 1959 मध्ये इटलीच्या फारिना या गाड्यांचे घाट आखणाऱ्याकडून नवा टोकदार घाट घेऊन पुढची ऑक्सफर्ड आली आणि सिरीज थ्रीचं तिथलं आयुष्य संपलं.

भारतात बी. एम. बिर्लांनी 1942 मध्ये हिंदुस्थान मोटर्स स्थापन केली. पहिला कारखाना गुजरातेत ओखा बंदरावर होता. बोटीने आलेले सुटे भाग उतरवायचे आणि तिथेच जोडायचे, एवढंच काम असल्याने बंदर सोयीचं. तिथे मॉरिस टेनची हिंदुस्थान टेन झाली. मग कारखाना कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला गेला. ऑक्सफर्ड एमओची हिंदुस्थान फोर्टीन झाली, सिरीज टूची लँडमास्टर झाली, आणि 1957-58 च्या सुमारास सिरीज थ्रीची अँबॅसिडर झाली. महाराष्ट्रही यात मागे नव्हता. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्यात आधी अमेरिकन आणि मग फियाट गाड्या करत होती. मुंबईतच ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी रूट्स या इंग्रजी समूहाच्या हिलमन मिंक्स जोडत होती. मद्रासला स्टँडर्डच्या गाड्या होत होत्या.

यातल्या बऱ्याच गाड्या गेल्या आणि अँबॅसिडर राहिली. 1953 मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालावरून सरकारने ठरवलं की नुसते भाग आणून जोडणाऱ्यांना इथे जागा नाही. ज्यांच्याकडे गाडी पूर्णपणे इथे बनवण्याचा कार्यक्रम असेल त्यांनीच राहावं. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. राहिलेल्यांना पत्र्यापासून इंजिनापर्यंत सगळं इथे करणं आलं, आणि त्यात सगळ्यात महाग बाब होती बॉडीचे साचे, कारखान्याच्या भाषेत डाय.

पोलादाचा सपाट पत्रा प्रचंड प्रेसखाली ठेवतात. वरचा आणि खालचा असे दोन जड साचे त्याला मधे दाबतात आणि दार, बोनेट किंवा छत तयार होतं. एकाच दाबात काम होत नाही. आधी खोली द्यायची, मग कडा कापायच्या, मग त्या वळवायच्या, भोकं पाडायची. प्रत्येक पायरीला निराळा साचा लागतो, आणि बॉडीचे भाग तर कितीतरी. हे साचे नव्याने करायला निष्णात कारागीर लागतात, उत्तम पोलाद लागतं आणि वेळही फार जातो. वर्षाला लाखभर गाड्या खपणाऱ्या कंपनीचा हा खर्च काही वर्षांत भरून निघतो. वर्षाला काही हजार गाड्या खपणाऱ्या कंपनीला त्यासाठी पिढी घालवावी लागते. त्यातच 1957 मध्ये देशाची परकीय चलनाची गंगाजळी आटली. नवे साचे आणायचे तर डॉलर-पौंड हवेत, आणि ते मिळेनात. 1951 च्या उद्योग कायद्याने किती माल काढायचा, त्यावरही परवान्याचा लगाम होता. अशा वेळी इंग्लंडला नको झालेले साचे हाताशी असणं हे भांडवलच ठरलं.

त्या काळातल्या आपल्या बऱ्याच वाहनांचं कूळ याच वाटेने आलं आहे. एन्फील्ड बुलेट, फियाट 1100 ची प्रीमियर पद्मिनी, ट्रायम्फच्या हेराल्डवरून निघालेली स्टँडर्ड गॅझेल, लॅम्ब्रेटाचं यंत्रसामान विकत घेऊन काढलेली विजय स्कूटर. युरोपातल्या कारखान्याने पान उलटलं की जुनं पान आपल्याकडे यायचं आणि इथे त्याचं अख्खं पुस्तक व्हायचं. हिंदुस्थान मोटर्सनेच पुढे व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा आधार घेऊन कॉन्टेसा काढली.

साचे तेच राहिले म्हणून घाट तोच राहिला. पोटातलं मात्र बदलत गेलं. सुरुवातीला बाजूला व्हॉल्व्ह असलेलं जुन्या धाटणीचं इंजिन होतं. 1959 च्या सुमारास वर व्हॉल्व्ह असलेलं 1489 सीसीचं, 55 अश्वशक्तीचं बीएमसी इंजिन आलं. साठच्या दशकात मार्क टू आली, सत्तरीत मार्क थ्री आणि मार्क फोर. नाकावरची जाळी बदलली, आतला डॅशबोर्ड बदलला. ऐंशीच्या सुमारास डिझेल इंजिन बसलं आणि भाड्याने गाडी चालवणाऱ्यांचं गणितच पालटलं. नव्वदीच्या सुरुवातीला जपानच्या इसुझूचं 1800 सीसी इंजिन आणि पाच गिअर आले, गिअरची दांडी खाली जमिनीवर गेली. पण दार उघडून आत बसणाऱ्याला बसायची उंची आणि डोक्यावरची मोकळी जागा तीच मिळत होती, कारण छत 1956 च्याच साच्यातलं होतं. धोतर-फेट्यातल्या माणसाला किंवा नऊवारीतल्या बाईला वाकून-दबून आत शिरावं लागत नसे. ही सोय इंग्रजांनी आपल्यासाठी केली नव्हती. पण ती अंगाला अशी बसली की जणू मापच घेतलं होतं.

वऱ्हाडात ही गाडी रुजायला कारणं होती. 1 मे 1962 ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. जिल्ह्याचा कारभार तालुक्यापर्यंत पोहोचला आणि साहेब, पदाधिकारी यांच्याबरोबर पांढरी अँबॅसिडरही पोहोचली. कापसाचे व्यापारी, जिनिंगवाले, गावचे डॉक्टर यांच्या दारातही ती दिसू लागली. सरकारी गाड्या लिलावात निघाल्या की त्या भाड्याच्या गाड्या होत. अकोल्याच्या दवाखान्यात बाळंतीण न्यायची, शेगावच्या दर्शनाला घरचे सगळे जायचे, वऱ्हाडी आणायचे, या सगळ्याला हीच. आणि रस्ते? पावसाळ्यात आपली काळी माती अशी चिकटते की पाय टाकला तर चप्पल वर येत नाही. त्यात जमिनीपासून उंच, मागच्या चाकांवर चालणारी, जाड पत्र्याची गाडी तग धरायची.

ती कधी बंद पडत नव्हती असं नाही. पुष्कळदा पडायची. पण काय झालं हे दिसायचं आणि हाताला लागायचं. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या वर गेला की इंजिनला लागून असलेल्या पंपात पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी उसासे टाकत थांबायची. ड्रायव्हर खाली उतरून बोनेट उघडायचा, ओलं फडकं पंपावर गुंडाळायचा आणि कडुनिंबाखाली दहा मिनिटं थांबायचा. वाफ थंड होऊन पुन्हा पेट्रोल व्हायचं आणि गाडी निघायची. गिअरच्या सांध्यांची झीज झाली की दोन गिअर एकदम अडकायचे. तेव्हा बोनेटखाली हात घालून खांबाच्या तळाशी असलेला दुवा हाताने सरळ केला की काम भागे. पुढून गाडी बसकी झाली तर मिस्त्री टॉर्शन बार सोडून, थोडा जास्त पीळ देऊन पुन्हा बसवायचा. इंग्रज अभियंत्याने कागदावर आखलेली ती युक्ती इथल्या मिस्त्रीच्या हाताला कळली होती. "हिच्यात लपून काईच नाई, झाकण उघडलं का सारं डोयापुढं," असं आमच्याकडचे मिस्त्री म्हणायचे, आणि ते शब्दशः खरं होतं. बोनेट उघडलं की इंजिनच्या दोन्ही बाजूंना हात सहज जाईल एवढी जागा असे. पॉइंट घासणं, कार्बोरेटर धुणं, ब्रेकचे लायनर बदलणं ही कामं चार पान्यांत व्हायची.

या गाडीचं कौतुक करताना तिची दुसरी बाजू झाकणं बरं नाही. पैसे भरून गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं रांगेत थांबले. आलेली गाडी कधी गळकी, कधी खडखडणारी असे, आणि ग्राहकाला दुसरीकडे जायला वाट नव्हती. स्पर्धा नसल्याने नवे साचे करण्याची गरजही कारखान्याला वाटली नाही. डिसेंबर 1983 मध्ये मारुती आली आणि लोकांनी कौल दिला. वऱ्हाडच्या खेडोपाडी भाड्याचं काम पुढे जीप, ट्रॅक्स, सुमो अशा काळ्या-पिवळ्यांनी घेतलं. 2013 मध्ये एका ब्रिटिश मोटार कार्यक्रमाने अँबॅसिडरला जगातली सर्वोत्तम टॅक्सी ठरवलं. मे 2014 मध्ये उत्तरपाड्याचं काम थांबलं. 2017 मध्ये हे नाव फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने 80 कोटी रुपयांना घेतलं. काउलीत आज बीएमडब्ल्यूच्या मिनी गाड्या बनतात. मॉरिस हा शिक्का 1984 पासून कुठल्याच नव्या गाडीवर नाही.

साचे टिकले ते परवान्यांमुळे आणि परकीय चलनाच्या टंचाईमुळे, हे उघड आहे. पण साचे टिकले म्हणून गाडी रस्त्यावर टिकत नाही. वीस-पंचवीस वर्षांची, दोनदा लिलाव झालेली अँबॅसिडर बार्शीटाकळी-अकोला रस्त्यावर धावत राहिली ती मिस्त्री, डेंटर आणि सुट्या भागांचे दुकानदार यांच्यामुळे. त्यांच्यातले बरेच आता उतारवयाला लागले आहेत. गिअरचा तो दुवा कसा बसवायचा, टॉर्शन बारला पीळ किती द्यायचा, हे त्यांच्या हातात आहे आणि लिहिलेलं फारसं कुठेच नाही. आपल्या आयटीआयमध्ये एकेक जुनी अँबॅसिडर ठेवून या मिस्त्र्यांना पोरांपुढे ती उघडायला बोलावलं, त्यांचं सांगणं मराठीत लिहून घेतलं, तर यंत्र शिकायला इतकं सोपं पुस्तक दुसरं मिळणार नाही.

केंद्र सरकारने 2022 मध्ये ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्काचं धोरण हाती घेतलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं या चारही गोष्टी त्यात आहेत. आज ट्रॅक्टरपासून ई-रिक्षापर्यंत बंद डब्यातली यंत्रं गावात येत आहेत आणि ती बिघडली की शहराची वाट धरावी लागते. अशा वेळी अँबॅसिडरच्या कुळकथेतून घेण्यासारखं हेच आहे की जे यंत्र गावच्या मिस्त्रीला उघडता येतं, तेच गावाचं होतं. नव्या वाहनांत वेग, आराम, सुरक्षितता सगळं हवं. त्याचबरोबर ती गावात दुरुस्त होतील अशी बनवा, ही मागणी आपण कारखानदारांकडे आणि सरकारकडे ठामपणे केली पाहिजे.