दुरुस्तीला दिलेलं घड्याळ

घड्याळाचं मागचं झाकण उघडल्यावर घड्याळजींनी मशीनकडे आधी बघितलंच नाही. झाकण उलटं करून त्यांनी दिव्याखाली तिरकं धरलं आणि डोळ्याचं भिंग न काढता म्हणाले, "तीनदा उघडलंय."

आतल्या गुळगुळीत पत्र्यावर सुईच्या टोकाने ओरखडलेले आकडे होते. ४/७३. ११/७८. ८/८६. प्रत्येकाशेजारी एखादं अक्षर, नाहीतर नुसतीच खूण. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याने झाकण लावण्याआधी तारीख कोरून ठेवायची, म्हणजे "गेल्याच महिन्यात तुमच्याकडून करून नेलं होतं" म्हणत गिऱ्हाईक भांडायला आलं तर पुरावा हाताशी असतो. धंद्यातला जुना रिवाज. घड्याळ घालणाऱ्याला आपल्या मनगटामागे अशी वही चालू आहे याचा पत्ता नसतो.

"पहिल्या दोन तारखा एका हाताच्या. शहाऐंशीचा माणूस वेगळा."

"शहाऐंशी कसं असेल? हे ब्याऐंशीतच बंद पडलंय."

"कोण म्हणतं?"

आमच्याकडे सगळेच म्हणतात. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्याच दिवशी आजोबांचं घड्याळ बंद पडलं, ही आमच्या घरातली कहाणी. वडील ती लग्नाकार्यात सांगत. प्रत्येक वेळी काटे वेगळ्या ठिकाणी थांबलेले असत. कधी सकाळचे सात, म्हणजे पहिली पाळी सुरू व्हायची वेळ. कधी साडेतीन, पाळी सुटायची. समोर कोण बसलंय त्यावर ते ठरे. मला विचाराल तर तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि मला आठवतं ते एवढंच, की आजोबांच्या डाव्या मनगटावर एक गोरा पट्टा राहिला होता आणि घड्याळ कुठे गेलं असं विचारलं की ते म्हणत, "दुरुस्तीला दिलंय."

आजोबा साचेखात्यात होते. खरं तर गिरणगावात राहणाऱ्याला घड्याळाची गरज नव्हतीच. भोंगा होता. पहिल्या भोंग्याला चहा, दुसऱ्याला जिना, तिसऱ्याला गेट. आजी भात कधी उतरवायचा ते भोंग्यावर ठरवायची. आपल्याच गिरणीचा भोंगा दहा भोंग्यांतून ओळखू यायचा, जसा शेजारच्या खोलीतला खोकला ओळखू येतो. वेळ ही गिरणीने द्यायची वस्तू होती. ती आपली आपण खिशात किंवा हातात बाळगणं म्हणजे जरा चढेलपणाच.

यावर आजोबा त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगत. पणजोबा संगमेश्वराकडून आले तेव्हा मुंबईत दोन वेळा होत्या. एक रेल्वेची, एक मुंबईची. मुंबईची वेळ ३९ मिनिटं मागे. लहानपणी मला ही आजोबांची लोणकढी वाटायची, पण ती निघाली अक्षरशः खरी. १ जानेवारी १९०६पासून सरकारने देशभर एक वेळ लागू केली. शहराने मात्र आपली 'बॉम्बे टाइम' सोडायचं नाकारलं आणि ती स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं टिकवली. आणि नव्या वेळेला सगळ्यात आधी दगड मारला तो कुणी बॅरिस्टरने नव्हे. त्याच जानेवारीत जेकब ससून गिरणीतल्या कामगारांनी काम बंद करून दगडफेक केली. सूर्य तोच, काम तेवढंच, पण गिरणी चाळीसेक मिनिटं लवकर सुरू होणार म्हणजे झोप कुणाची कापली जाणार, हे त्यांना बरोबर कळलं होतं. पणजोबा त्या दंग्यात होते असं आजोबा सांगत. वर्षांचा हिशोब मांडला तर तेव्हा पणजोबा पाळण्यात असावेत. पण आमच्या घराण्यात कहाणीला हिशोब विचारायची पद्धत नाही.

अशा घरात मनगटी घड्याळ आलं ते सत्तरच्या सुमाराला. त्याआधी मनगटी घड्याळ म्हणजे स्विस. वेस्ट एंड, नाहीतर फावर लुबा. दोन्ही नावं एकोणिसाव्या शतकापासून मुंबईत दुकान मांडून बसलेली. ती साहेबांच्या, रेल्वेवाल्यांच्या हातात. मग १९६१ साली बंगळुरूला हिंदुस्थान मशीन टूल्सने, म्हणजे एचएमटीने, जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून घड्याळाचा कारखाना काढला आणि यंत्रं बनवणारी सरकारी कंपनी माणसांच्या मनगटापर्यंत पोचली. आजोबांचं घड्याळ 'जनता'. रोज किल्ली द्यायची, सतरा ज्वेल. तबकडीवर 'पॅरा शॉक' हेही लिहिलेलं. म्हणजे धक्का बसला तरी चक्राची नाजूक दांडी वाचते. या युक्तीची जाहिरात करायला सिटिझनने १९५६ साली हेलिकॉप्टरमधून घड्याळं खाली टाकून दाखवली होती. आजोबांचं साचेखातं हेलिकॉप्टरपेक्षा कमी नव्हतं. शेकडो माग एकदम चालताना जमीन पायाखाली थरथरते. तिथे ते दहा-बारा वर्षं न कुरकुरता चाललं.

घेतलं कुणाच्या पैशाने, यावर मात्र शेवटपर्यंत एकमत झालं नाही. आजोबा म्हणत, बोनसमधून. आजी खानावळीच्या कढईत उलथनं आपटत म्हणे, "बोनस दिवाळीतच संपलेला. माझी भिशी लागली होती." आजी दहा-बारा गडी जेवू घालायची, त्यामुळे घरात रोख कुणाकडे असायची ते उघड होतं. मी आजीच्या बाजूने आहे.

वडील गेल्यावर ट्रंक माझ्याकडे आली. तळाशी, चौकड्याच्या रुमालात, ते होतं. काच धुरकट, तबकडी दुधाच्या सायीसारखी पिवळसर, चारच्या आकड्याजवळ ओल लागून चहाच्या थेंबाएवढा डाग. काळा कातडी पट्टा वाळून खडखडीत झालेला. पट्ट्याच्या एकाही भोकाला बकलाची ओढ बसलेली नव्हती. नवा पट्टा कुणी लावून ठेवला असेल, म्हणून मी तो काढून टाकला. किल्ली फिरवली तर नुसतीच फिरत राहिली, तळ नसलेल्या विहिरीत रहाट सोडल्यासारखी.

दादरला एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली दोन फूट जागेत आमचे घड्याळजी बसतात. वय सत्तरीपुढे, टेबलावर काचेचे वाडगे उपडे घातलेले आणि प्रत्येकाखाली कुणाचं तरी उघडलेलं घड्याळ. त्यांनी मशीन उलगडलं. पेट्रोलमध्ये ब्रशने एकेक चक्र धुतलं. निदान झालं: कमान तुटलेली, किल्लीची दांडी, म्हणजे स्टेम, चौकोनी भागात झिजून गोल झालेली आणि वरचं बटण दुसऱ्याच कुठल्या घड्याळाचं. बाकी ठणठणीत.

"तबकडी नवी करून देतो," ते म्हणाले. "अशी चकचकीत, की कालच घेतलंय."

मी नको म्हटलं. त्यांना ते आवडलं की नाही, कळलं नाही. पण पुढे त्यांनीच मला शिकवलं. मुंबईत पुन्हा रंगवलेल्या तबकड्यांचा धंदा एवढा मोठा, की परदेशातले षौकीनही आपल्याकडची घड्याळं घेताना दचकतात. लाल, हिरवी, मोरपिशी 'जनता' दिसली की शिरोरेषा बघायची. कारखान्यात छापलेली रेघ दोरीत असते. हाताने जाळी दाबून छापली की 'जनता'ची शिरोरेषा 'न'वर येऊन जाड होते आणि 'ता'ला पोचेपर्यंत थकते. त्या दिवसापासून मला सरळ शिरोरेषेचं घड्याळ सहसा दिसलेलं नाही.

कमान मिळवणं सोपं वाटलं होतं. पट्टीच तर आहे पोलादाची, गुंडाळून डबीत बसवायची. पण तिची रुंदी, जाडी आणि लांबी तिन्ही जुळावी लागतात. अब्दुल रहमान स्ट्रीटवरच्या एका दुकानात मला तेलकट कागदात गुंडाळलेली कमान मिळाली, वर पेन्सिलने मशीनचा नंबर ०२३१. मी विजयी मुद्रेने आणली. घड्याळजींनी दोन बोटांत धरली आणि परत दिली. "जाड आहे. ही घातली तर घड्याळ पळेल." मला वाटलं, म्हणण्याची रीत. तसं नव्हतं. कमानीत जोर जास्त झाला की आतलं डोलणारं चक्र नेमल्यापेक्षा जास्त फिरतं, त्याची खुंटी उलट बाजूने जाऊन आपटते आणि घड्याळ तासाला काही मिनिटं पुढे धावायला लागतं. माणसांचंही असं होतं, असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी पान लावलं.

२०१६ साली सरकारने एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करायचा निर्णय घेतला. तेव्हापासून अस्सल सुटा भाग म्हणजे कुणाच्या तरी कपाटात उरलेला माल, नाहीतर मेलेलं घड्याळ. मी चोर बाजार केला, मग पुण्याला जाऊन रविवारचा जुना बाजार. तिथे ताडपत्रीवर एका बिस्किटाच्या डब्यात पन्नासेक घड्याळं खच्चून भरलेली: कोहिनूर, पायलट, सोना, विजय. काचा फुटलेली, काटे गळलेली. त्यातून चार 'जनता' वेचल्या. एकीच्या पाठीवर कोरलं होतं, 'सेवेची २५ वर्षे', त्याखालचं नाव घासून पुसलेलं. विकताना पुसलं असेल. कुणी पुसलं असेल, हा विचार मी लोणावळ्यापर्यंत करत बसलो.

आणि नेमकी त्याच घड्याळाची कमान जुळली. स्टेमही. "त्याचं बाकीचं मशीन गंजून गेलंय," घड्याळजी म्हणाले, "तुमचं बाकीचं शाबूत आहे. अजून काय बघायचं?" बटण त्यांनी स्वतःच्या औषधाच्या बाटलीतून काढलं; आटे जुळेनात, चौथं बसलं. त्या दुसऱ्या घड्याळाचं झाकण मी मागून घेतलं.

सगळं बसवून त्यांनी किल्ली दिली. किर्र, किर्र, किर्र. मी टेबलाची कड धरली. हा आवाज माझ्या ओळखीचा होता. आमच्या चाळीतल्या खोलीला पोटमाळा होता. तिथे आजोबा आणि मी झोपायचो. दिवा मालवल्यावर रोज हा आवाज यायचा, आणि मला वाटायचं ट्रंकेत उंदीर आहे. आजीने एकदा पिंजराही लावला होता.

घड्याळजी भिंगातून जुनं स्टेम बघत होते. "यांनी हे फार वर्षं चालवलंय," ते म्हणाले. "आणि केसवर बघा. शहाऐंशीनंतरचा एक चरा नाही. पट्टा कुठाय याचा?"

पट्टा मी कचऱ्यात टाकला होता.

आत्या डोंबिवलीला असते. मी तिला घड्याळ दाखवलं आणि झाकणातल्या तारखा वाचून दाखवल्या. ती बराच वेळ शेंगा सोलत राहिली.

"बंद कुठलं पडतंय," मग ती म्हणाली. "संपाच्या पाचव्या महिन्यात गहाण टाकलं. आधी तांब्याचा हंडा गेला, मग ते. खानावळीचे गडी गावाला निघून गेले होते, कुणी पैसे बुडवले, कुणी खरंच द्यायला नव्हते. दुकानदार उधार देईना. बाबांना कुणी विचारलं की सांगायचे, दुरुस्तीला दिलंय. चार वर्षं दुरुस्तीला."

"आणि शहाऐंशी?"

"तेव्हा मी कंपनीत पॅकिंगला लागले होते. सोडवून आणलं. परळच्या एका माणसाकडून साफ करून घेतलं, नवा पट्टा घातला. आईलासुद्धा नाही सांगितलं. त्यांच्या हातात दिलं तर त्यांनी रुमालात बांधून ठेवलं. म्हटलं, बाबा घाला ना. तर म्हणाले, कुठल्या पाळीला जायचंय मला?"

अडीच लाख कामगारांचा तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आजोबा १९९८ला गेले. म्हणजे बारा वर्षं रोज रात्री.

आत्याने हात पदराला पुसून घड्याळ कानाशी धरलं. मग डाव्या हातात घालून बघितलं. मी लावलेला नवा पट्टा तिच्या मनगटाला फार मोठा होत होता, शेवटच्या भोकातही घड्याळ कोपराकडे घसरत होतं.

"त्या फडताळात दाभण आहे बघ," ती म्हणाली. "गॅसवर जरा तापव."