रायफल कोणती चांगली?

भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यात जाऊन ‘सर्वांत चांगले सूत कोणते?’ असे विचारले, तर मालक उलट विचारील, ‘कापड कोणते काढायचे आहे?’ रायफलींचा इतिहास पाहताना आम्हाला हाच प्रश्न पुन्हापुन्हा भेटला.

रायफलीच्या नळीत आतून सर्पिल खाचा असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती गरगरते आणि भोवऱ्यासारखी आपली दिशा टिकवते. पण जुन्या रायफलीत दारू व गोळी तोंडाकडून ठासावी लागे. त्यासाठी सैनिकाला बहुधा उभे राहावे लागे. प्रशियाने १८४१ मध्ये ड्रायझे यांची बोल्टची रायफल स्वीकारली. दाराच्या कडीसारखा दांडा मागे ओढायचा, काडतूस ठेवायचे, दांडा पुढे सारून वळवायचा. हे सारे पालथे पडूनही करता येई. १८६६ मध्ये केनिगग्रेट्सच्या लढाईत ऑस्ट्रियाला हा फरक फार महाग पडला.

१८९५ ची ब्रिटिश ली-एनफिल्ड याच कुळातली. नळीचा व्यास ०.३०३ इंच, म्हणून आपल्याकडे ती ‘थ्री-नॉट-थ्री’ झाली. तिची सुमारे ११.३ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ७४० मीटर वेगाने सुटते. ५० मीटर नेमबाजीतली गोळी अवघी २.६ ग्रॅमची, वेग सुमारे ३३० मीटर. विद्यार्थ्यांकडून गतिज ऊर्जा काढून घ्यावी: एकीकडे सुमारे ३१०० ज्यूल, दुसरीकडे १४०. बावीस पटींचा फरक!

खेळाडू दुबळी गोळी का निवडतो? त्याला फक्त कागद भेदायचा असतो. धक्का कमी, म्हणून शरीर स्थिर राहते. वेग ध्वनीपेक्षा कमी, म्हणून ध्वनीचा वेग ओलांडताना होणारी गोळीची डळमळ टळते. दहा गुणांचे वर्तुळ असते जेमतेम १०.४ मिलिमीटरचे! घट्ट बसलेला बोल्ट काडतूस दर वेळी त्याच जागी धरतो. ३०० मीटरवर मात्र ही मंद गोळी फार खाली येईल, वाऱ्याने भरकटेल. तिथे मोठे काडतूस लागते.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुणांसह जागतिक विजेतेपद मिळवले. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले. या खेळात प्रत्येक गोळीनंतर थांबणे हा तोटा नसतो.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर तो जीवघेणा ठरला. तिथल्या काही पोलिसांच्या हाती थ्री-नॉट-थ्री होती, हल्लेखोरांकडे स्वयंचलित रायफली. पोलिसांनी धैर्याने गोळ्या झाडल्या. पण प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढावा लागत होता. त्या स्थानकात पन्नासहून अधिक माणसे मारली गेली.

ती रायफल वाईट नव्हती. गरज बदलली होती आणि निवड जुनीच राहिली होती.